बॅटरी उपाशी आहे

जुनी गाडी सेल्फ मारल्यावर नुसती 'टक' करून गप्प बसली, की भोवती जमलेल्यांपैकी कुणीतरी दोन सेकंदांत निकाल देऊन मोकळा होतो, "बॅटरी गेली." निकाल देणाऱ्याने बॉनेट उघडून पाहिलेलं नसतं. त्याचं म्हणणं अगदीच चूक असतं असंही नाही, बॅटरी खरोखर उतरलेली असते. पण ती उतरली का, हे विचारायला कुणी थांबत नाही. तोवर दुसरा एकजण बाह्या सारून "चला, धक्का मारू" म्हणत डिकीपाशी पोचलेला असतो. धक्क्यावर गाडी सुरू होते, ढकलणाऱ्यांना पुण्य लागतं आणि खरं दुखणं आणखी पंधरा दिवस सुखाने नांदतं.

आमच्या घरची १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी अशी बरीच वर्षं चालली. मुंबईत पद्मिनी म्हणजे काळीपिवळी टॅक्सी. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादा संपून रस्त्यावरून उतरली, तेव्हा मुंबईकरांनी गहिवरून फोटो टाकले होते. कोल्हापुरात ही गाडी डॉक्टरांची, वकिलांची आणि साखर कारखान्याच्या संचालकांची होती. आमचीही एका डॉक्टरांकडूनच आली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीच्या इंजिनाची, गिअरचा दांडा स्टीअरिंगखाली असलेली. बाबा तिला अजून फियाटच म्हणतात आणि ती 'ही' आहे, 'ते वाहन' नव्हे, हे घरात सगळ्यांनी मान्य केलं आहे.

बाबांची एक वही आहे. त्यात गाडीवर झालेला प्रत्येक रुपया तारखेनिशी लिहिलेला. पेट्रोल, पंक्चर, प्लग, पॉइंट, ऑइल, आणि मधूनमधून लाल शाईत 'नवी बॅटरी'. लाल शाई मोठ्या खर्चाला. बॅटरीच्या दुकानात दर वेळी एकच उत्तर मिळायचं, "काका, गाडी उभी असते हो तुमची. उभ्या गाडीची बॅटरी टिकत नाही." यात अर्धं सत्य आहे. लेड-ॲसिड बॅटरी नुसती ठेवली तरी हळूहळू उतरते, आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं, ते पुढे पुरतं सुटत नाही. पण आमची गाडी अशी पडून कुठे असायची? बाबा दर रविवारी तिला पन्हाळ्याला नाहीतर जोतिबाला नेऊन आणायचे. घाट चढून उतरून आलेल्या गाडीला सोमवारी सकाळी सेल्फ घेता येऊ नये, हे उभं राहण्याने होत नाही.

हिशेब मांडला की हे जास्त स्पष्ट होतं. सेल्फ खूप करंट खेचतो, शे-दीडशे अँपिअर, म्हणून लोकांना वाटतं की बॅटरी तोच खातो. पण तो खातो दोन-तीन सेकंद. दीडशे अँपिअरने तीन सेकंद, म्हणजे ०.१२५ अँपिअर-अवर (एक अँपिअर तासभर वाहिला की एक). ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीतला अर्धा टक्कासुद्धा नाही. चार्जिंग ठीक असेल तर एवढं गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत भरून निघतं. उलट रात्री हेडलाइट, मागचे दिवे, वायपर आणि इग्निशन कॉइल मिळून बारा-तेरा अँपिअर लागतात, आणि ते तासभर बॅटरीतूनच जात राहिले तर तिसरा हिस्सा रिकामा. बॅटरी मरते ती सेल्फने नव्हे, न झालेल्या भरण्याने. इंजिन एकदा चालू झालं की पुढचा सगळा खर्च अल्टरनेटरने, म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राने, उचलायचा आणि वर बॅटरीचं देणंही फेडायचं, असा करार आहे. तो पाळला जातोय की नाही हे तपासणं म्हणजे चार्जिंगचं निदान.

त्यासाठी काही शे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, काहीही चालू न करता, बॅटरीच्या दोन टोकांवर धरायचा. १२.६ ते १२.७ व्होल्ट असले तर पोट भरलेलं, १२.२ म्हणजे निम्मं, १२ च्या खाली म्हणजे जवळपास खडखडाट. गाडी नुकतीच बंद केली असेल तर आकडा फसवा येतो, प्लेटांवर वरवरचा चार्ज असतो, तेव्हा आधी मिनिटभर हेडलाइट लावून तो उतरवायचा. मग इंजिन सुरू करायचं. आता १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसलं पाहिजे. १३ च्या खालीच घुटमळत असेल तर चार्जिंग होत नाही, १५ च्या वर जात असेल तर व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर गेलाय आणि बॅटरीतलं पाणी उकळून उडतंय.

आमच्या गाडीचा आकडा यायचा १३.९. म्हणजे पास. कितीतरी मिस्त्र्यांनी हा आकडा बघून मान डोलावली होती. एकाने अल्टरनेटर उतरवून बेंचवर फिरवूनही पाहिला, तोही पास. मग उरली कोण? बॅटरी. लाल शाई.

वही मी पुढे एकदा निवांत चाळली तेव्हा एक गंमत लक्षात आली. लाल नोंदी वर्षभर विखुरलेल्या नव्हत्या. बहुतेक सगळ्या गणपती ते दिवाळी या काळातल्या. उन्हाळ्यात एकही नाही. उभ्या गाडीने बॅटरी मरत असती तर तिने महिने कशाला निवडले असते? पावसाळ्यात आमच्याकडे दुपारी चारलाही पन्हाळ्याच्या धुक्यात दिवे लागतात, वायपर अखंड चालतो. जास्त करंट लागण्याचे ते तीन-चार महिने, आणि त्यांच्या शेवटी बॅटरी आडवी. ही वही त्या दुकानदाराने पाहिली असती तरी त्याला काही दिसलं असतं असं मला वाटत नाही, कारण ज्याच्याकडे बॅटऱ्याच विकायला आहेत त्याला दुखणं बॅटरीचंच दिसतं.

वहीचा हा उलगडा घेऊन आम्ही उद्यमनगरातल्या एका गल्लीत गेलो. कोल्हापूरचं उद्यमनगर म्हणजे लेथ, फाउंड्र्या, पंपांची दुरुस्ती यांचं गाव. तिथे मोटारींच्या तारा नव्याने गुंडाळून देणाऱ्या, म्हणजे रिवाइंडिंगच्या, एका दुकानात एक वयस्कर वायरमन बसतात, सगळे त्यांना चाचा म्हणतात. दाराशी तांब्याच्या तारांचे गुंडे, आत जुन्या आर्मेचरांचा ढीग, आणि वार्निशचा वास कपड्यांना चिकटून घरापर्यंत येतो. चाचांनी वही पाहिली नाही, पण ऐकून घेतलं. मग बॅटरीची झाकणं उघडून एकेका सेलमध्ये ॲसिडची घनता, म्हणजे ग्रॅव्हिटी, मोजणारा हायड्रोमीटर बुडवला. भरलेल्या बॅटरीची ग्रॅव्हिटी १.२५ च्या आसपास हवी. आमची सगळीकडे १.१९ ला.

"सहाच्या सहा सेल सारखेच हायेत बघा," चाचा म्हणाले. "एखादा मेला असता तर त्यो एकटाच खाली गेला असता. ही बॅटरी आजारी न्हाई ओ. उपाशी हाय."

पुढचा तास मी नुसता बघत उभा होतो, आणि त्या तासात पाहिलेला क्रम मी अजून तसाच पाळतो.

आधी अंगठा. इंजिन बंद असताना फॅन बेल्ट दोन पुलींच्या मधोमध दाबायचा. साधारण सेंटीमीटरभर दबला पाहिजे. जास्त दबत असेल तर बेल्ट घसरतो, आणि तो घसरतो नेमका जास्त करंट लागतो तेव्हा, म्हणजे दिवे लावले की किंचाळतो. फार ताणलेला असेल तर अल्टरनेटरचं बेअरिंग खातो. बेल्टची आतली बाजू उलटून बघायची, काचेसारखी चकाकत असेल तर ताणून उपयोग नाही, बदलायचा.

मग चावी फिरवून, इंजिन सुरू न करता, डॅशबोर्डवरचा लाल दिवा. तो लागला पाहिजे. न लागणारा लाल दिवा बघून लोक खूश होतात, पण चावी 'ऑन' असताना न लागणारा दिवा हे वाईट लक्षण आहे. त्या दिव्याची एक बाजू इग्निशनकडून बॅटरीला, दुसरी अल्टरनेटरला जोडलेली असते. सुरुवातीला त्याच्यातूनच थोडा करंट रोटरला, म्हणजे अल्टरनेटरच्या फिरणाऱ्या भागाला, जातो आणि रोटर चुंबक बनतो. बल्ब उडाला असेल तर रोटरमध्ये उरलेल्या जुजबी चुंबकत्वावर काम चालवावं लागतं, त्यामुळे गाडी जोरात रेस केल्याशिवाय चार्जिंग चालूच होत नाही. अल्टरनेटर वीज बनवू लागला की दिव्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच दाब, म्हणजे व्होल्टेज, येतो, करंट वाहायचं कारण उरत नाही आणि दिवा विझतो. म्हणून तो अर्धवट मिणमिणत राहिला तर दोन बाजूंत फरक शिल्लक आहे असं समजायचं. रोटरला करंट पोचवणारे कार्बन झिजलेत, करंट एकाच दिशेने जाऊ देणारा डायोड गेलाय किंवा वाटेत कुठे कॉन्टॅक्ट ढिला आहे.

आमचा दिवा लागला, इंजिन सुरू केल्यावर विझलाही.

त्यानंतर चाचांनी जे केलं ते मी आधी कुणाला करताना पाहिलं नव्हतं. चावी 'ऑन', इंजिन बंद. त्यांनी एक बारीक स्क्रू-ड्रायव्हर दोन बोटांत सैल धरला आणि अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला, बेअरिंगच्या बोंडाजवळ नेला. टोक आपोआप वळलं आणि 'टिक' करून चिकटलं. चावी बंद केली, सुटलं. पुन्हा 'ऑन', पुन्हा चिकटलं. एवढ्याने दिव्याची वायर, रेग्युलेटरची वाट, दोन्ही कार्बन, ते ज्यांवर घासतात त्या स्लिप रिंग आणि रोटरचं वाइंडिंग एकदम पास झालं, एकही नट न खोलता. मला तो क्षण फार आवडला. पुस्तकात आकृती काढून दाखवलेलं चुंबकत्व इथे लोखंडातून बोटांना जाणवत होतं.

याच सुमारास शेजारच्या गॅरेजमधला एक पोरगा डोकावला आणि मदतीच्या भावनेने म्हणाला, "इंजिन चालू करा अन् बॅटरीचं टर्मिनल काढून बघा की. बंद पडली तर डायनामो गेला." चाचा एवढ्या जोरात ओरडले की तो दोन पावलं मागे सरला. "हात लावू नगंस! डायोड तू भरून देणार हाईस?"

ही टर्मिनल काढून बघायची युक्ती अजून महाराष्ट्रभर चालते आणि ती आली कुठून हे कळलं की तिच्यावरचा रागही कमी होतो. ती अल्टरनेटरच्या आधीच्या, डायनामोच्या काळातली आहे. पद्मिनीची पूर्वज फियाट ११०० डी १९६४ मध्ये इथे बनू लागली, तेव्हा गाड्यांत डायनामो असायचा. त्यात वीज फिरणाऱ्या आर्मेचरमध्ये बनते आणि सगळीच्या सगळी कम्युटेटर (आर्मेचरसोबत फिरणारे तांब्याचे तुकडे) आणि कार्बनमधून बाहेर काढावी लागते. म्हणून तो ताकदीला वीस-पंचवीस अँपिअरचा, आकाराने मोठा, आणि सिग्नलला गाडी उभी राहिली की काहीच न देणारा. लाल दिवा मिणमिणायचा आणि त्याकडे कुणी लक्ष द्यायचं नाही. शेजारी लोखंडी डबीत कटआउट आणि रेग्युलेटर. कटआउटचं काम, डायनामो मंदावला की त्याचा बॅटरीशी संबंध तोडायचा, नाहीतर बॅटरीच उलट डायनामोत रिकामी व्हायची. त्या राकट यंत्राला टर्मिनल काढण्याचा जाच बऱ्यापैकी सोसायचा.

अल्टरनेटरने मांडणी उलटी केली. वीज स्थिर भागात बनते, फिरतो तो फक्त चुंबक, आणि कार्बनमधून जातो तो चुंबकापुरता थोडासा करंट. त्यामुळे त्याला लहान पुली लावून जोरात फिरवता येतं आणि इंजिन आयडलला असतानाही तो काहीतरी देतो. अडचण एवढीच की वीज एसी बनते, ती डीसी करायला डायोड लागतात, आणि स्वस्त सिलिकॉन डायोड मिळायला लागेपर्यंत हे गाडीत परवडत नव्हतं. अमेरिकेत क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंटमध्ये अल्टरनेटर सरसकट दिला, मग हळूहळू सगळीकडे पसरला. पण डायोडला एक गोष्ट सोसत नाही, अचानक उसळणारा दाब. चालू इंजिनावर बॅटरीचं टर्मिनल उपटलं की अल्टरनेटरचं उत्पादन क्षणार्धात खाली येत नाही, दाब बारा-चौदावरून कितीतरी वर उडी मारतो आणि डायोड, रेग्युलेटर, अलीकडच्या गाडीत ईसीएमही (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर), जे नाजूक असेल ते जातं. म्हणजे धडधाकट अल्टरनेटर तपासताना मारायची ही खात्रीची पद्धत आहे.

आमच्या गाडीत हे दोन्ही काळ एकत्र नांदत होते. मूळचा डायनामो डॉक्टरांच्याच काळात कुणीतरी काढून अल्टरनेटर बसवला होता. चांगलं केलं होतं. फक्त जुनी कटआउटची डबी जागेवरच ठेवली होती, आणि ती कुणाच्या नजरेत येत नव्हती, कारण तिचं काम संपलेलं आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

"आता सगळं चालू करा," चाचा म्हणाले. हेडलाइट, वायपर, पार्किंग, टेप. इंजिन थोडं चढवून धरलं. बॅटरीवर मीटर: १२.९. तोच मीटर अल्टरनेटरच्या बोल्टवर आणि त्याच्या अंगावर: १४.२. बाबा चष्मा पुसून पुन्हा बघायला लागले. अल्टरनेटर १४.२ देतोय, बॅटरीला १२.९ पोचतात. १.३ व्होल्ट गेले कुठे?

आजवरच्या सगळ्या तपासण्या दिवसा, दिवे बंद ठेवून झाल्या होत्या. वाटेत अडथळा असला तरी त्यातून तीन-चार अँपिअर वाहत असताना दोन-तीन दशांश व्होल्ट पडतात, आणि बॅटरीवर समाधानकारक १३.९ दिसतात. करंट तेरा अँपिअरवर गेला की तोच अडथळा चौपट व्होल्ट गिळतो. शाळेत ओहमचा नियम सगळ्यांनीच पाठ केलेला असतो. गॅरेजमध्ये तो लागू करायचा तर गाडीला आधी कामाला लावावं लागतं, एवढं मात्र बहुतेकांच्या डोक्यात येत नाही.

आणि अल्टरनेटरला यातलं काही कळत नव्हतं. त्याचा रेग्युलेटर त्याच्या पोटातच असतो आणि तो दाब मोजतो तो स्वतःच्या दाराशी. तिथे १४.२ दिसले की त्याच्या मते सगळं झालं. मुदपाकखान्यातल्या आचाऱ्याने पातेली बाहेर गेलेली पाहून पंगत जेवली असं समजावं, आणि शेवटच्या ओळीत पानं कोरडीच असावीत, तसलं हे.

मग गळती शोधणं. इथे मीटरचा वापर जरा वेगळा. दोन्ही टोकं एकाच रस्त्यावर लावायची, प्लस आणि मायनसवर एकेक असं नाही. एक टोक अल्टरनेटरच्या बोल्टवर, दुसरं बॅटरीच्या प्लसवर, सगळं चालू असताना. जाड तांब्याच्या वायरीच्या दोन टोकांत जवळपास शून्य दिसायला हवं, दोन-तीन दशांश ठीक. आमच्याकडे १.२. अल्टरनेटरच्या अंगापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ०.१, म्हणजे अर्थ (बॉडीतून परत येणारी वाट) चांगला. बेरीज १.३ ची जुळली. चोर प्लसच्या वाटेवर होता.

चाचांनी टोक पुढेपुढे सरकवत नेलं. अल्टरनेटर ते कटआउटची डबी, ०.१. डबी ते बॅटरी, ०.२. डबीवरच्या एका स्क्रूच्या अलीकडून पलीकडे, ०.९.

झाकण काढलं. डॉक्टरांच्या मिस्त्रीने डबीचा उपयोग वायरी जोडायचं ठिकाण म्हणून केला होता. अल्टरनेटरकडून आलेली वायर आणि बॅटरीकडे जाणारी वायर, दोन्ही एकाच जुन्या पितळी स्क्रूखाली दाबलेल्या. टोकाला दाबायचं धातूचं थिंबल नाही, नुसते तारांचे पीळ. पितळ काळं पडलेलं, वायरीचं प्लॅस्टिक बोटभर मागेपर्यंत तपकिरी आणि कडक, वाकवलं तर तडकणारं. चाचांनी स्क्रूला बोट लावून लगेच झटकलं. हिशेब करा, तेरा अँपिअर गुणिले ०.९ व्होल्ट, बाराएक वॅट, नखाएवढ्या जागेत. तापायचं, थंड व्हायचं, प्रत्येक वेळी स्क्रू किंचित ढिला व्हायचा, ढिला झाला की जास्त तापायचा. डायनामोच्या बावीस-पंचवीस अँपिअरसाठी ओढलेली वायर आणि तिच्यावर अल्टरनेटरचा भार. ज्याने ही जोडणी केली त्याने पार्ट बरोबर निवडला आणि रस्ता मात्र जुनाच ठेवला.

मला त्या अज्ञात मिस्त्रीचा राग आला नाही. जुन्या गाडीत असे कितीतरी मिस्त्री एकमेकांना न भेटता काम करत असतात. एकाने टेप लावताना ओढलेली वायर, दुसऱ्याने हॉर्नसाठी मारलेला जोड, तिसऱ्याने फ्यूजच्या जागी बसवलेला सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद. प्रत्येकाने त्या दिवशीची अडचण भागवली. कुणी नकाशा काढून ठेवला नाही. म्हणून गाडी विकत घेताना रंग आणि पत्रा बघणाऱ्यांना मी सांगतो, डॅशबोर्डखाली डोकं घालून बघा, वायरींचे रंग वाटेत किती वेळा बदलतात ते.

चाचांनी अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत सहा चौरस मिलिमीटरची नवी वायर थेट ओढली, दोन्ही टोकांना थिंबल दाबून वर शिशाने झाळ मारली, बॅटरीजवळ फ्यूज टाकला. टर्मिनल घासून त्यांना व्हॅसलीन लावलं. बॅटरी रात्रभर दुकानात मंद चार्जिंगला ठेवली. दुसऱ्या दिवशी सगळे दिवे लावून बॅटरीवर १४.० दिसले. बाबांनी आकडा वहीत लिहून घेतला, निळ्या शाईत. डबी काढून टाकू का, असं चाचांनी विचारलं तेव्हा मात्र ते ठाम होते. "राहू दे, ओरिजिनल आहे." ती आता कशालाच जोडलेली नाही, नुसती भिंतीवर आहे.

पैशांचा विषय निघाला तेव्हा चाचांनी वायर, थिंबल, फ्यूज यांची बेरीज केली आणि वर मजुरीचे म्हणून इतके थोडे सांगितले की मलाच कसंसं झालं. आपल्याकडे पार्टचे पैसे गिऱ्हाईक निमूट देतं, कारण डब्यातून काढलेली नवी वस्तू हातात येते. तासभर विचार करून 'काही बदलायला नको' असं सांगणाऱ्याला काय द्यायचं, याचा दर ठरलेलाच नाही. मग गॅरेजवाला बॅटरी विकेल नाहीतर काय करेल? जास्त पैसे चाचांनी घेतले नाहीत. बाबांनी दिवाळीला फराळाचा डबा पाठवला, तो घेतला.

चाचांनी बोलताबोलता एका अँबेसिडरची गोष्ट सांगितली. तिचा सेल्फ मारला की चोकच्या केबलमधून धूर यायचा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्याला बॉडीशी जोडणारी अर्थची पट्टी तुटली होती, आणि परतीचा करंट मिळेल त्या लोखंडावरून, म्हणजे चोकच्या केबलवरून, चालला होता. मालकाने तोवर दोन केबल बदलल्या होत्या.

या सगळ्यानंतर एका मित्राची मारुती ८०० माझ्याकडे आली, कारण गल्लीत माझ्याकडेच मीटर आहे. तिचं दुखणं वेगळं होतं. चालवताना चार्जिंग उत्तम, दिवे लावूनही १४.१, आणि दोन दिवस उभी राहिली की बॅटरी रिकामी. इथे वाटेत अडकणारं काही नव्हतं, झोपेत गळणारं होतं. अशा वेळी सगळं बंद करून, दारं लावून, बॅटरीच्या मायनसची वायर सोडवायची आणि मीटर अँपिअरवर ठेवून मध्ये जोडायचा. या अवस्थेत चुकूनही सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज जातो. साध्या जुन्या गाडीत टेपच्या मेमरीपुरते थोडे मिलिअँपिअर दिसावेत, पन्नासच्या वर असतील तर शोधायला लागायचं. तिच्यात ०.६ अँपिअर. दोन दिवसांत जवळजवळ २९ अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरी संपलीच. फ्यूज एकेक करून काढले, आकडा ढिम्म. शेवटी अल्टरनेटरवरची जाड वायर सोडवली आणि तो एकदम खाली आला. डायोड उलट्या दिशेने करंट सोडत होता. रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी हाताला जरासा कोमट लागतो, असं मित्राची बायको आधीच म्हणाली होती, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. डायोड प्लेट बदलून ते प्रकरण मिटलं.

पद्मिनीचं एक काम बाकी आहे. बॅटरीवर १४.० असूनही हेडलाइटच्या होल्डरपाशी जेमतेम ११.८ पोचतात. तो सगळा करंट अजून स्टीअरिंगखालच्या चाळीस वर्षं जुन्या स्विचमधून फिरून जातो. दोन रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) आणि जाड वायर आणून ठेवली आहे. पाऊस लागायच्या आत बसवायचे आहेत, आणि बाबांची अट एकच आहे, डॅशबोर्डला भोक पाडायचं नाही.